पिन उडते ती जागा

दि. १४ जून, रविवार, दुपार

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. म्हणजे गुडघा सोडला तर मी ठीक. अण्णा जेवतात, झोपतात. दाढी जरा वाढली आहे त्यांची. तुझी बायको आणि लेक मजेत असतील. झाली विचारपूस.

फोनवर तू बोलतोस, मी 'हं हं' करते आणि फोन ठेवला की भांड्यांवर राग काढते. परवा कढईचा कान तुटला. म्हटलं, त्यापेक्षा लिहावं. कागद मध्येच "ताई, ऐक ना" म्हणत नाही.

तर तुझा तो व्हिडिओ. गेल्या महिन्यात चार दिवस आलास, अण्णांना नवा शर्ट चढवलास, खिडकीत बसवलंस आणि गायला लावलंस. लाखभर लोकांनी पाहिला म्हणे. औषधाच्या दुकानातली बाई माझा हात धरून डोळे पुसत होती. "सगळं विसरले हो, मधली ओळसुद्धा गाळतात, तरी गाणं सुटत नाही! जुनी गाणी म्हणजे सोनंच." तिचं काय चुकलं? व्हिडिओवर तूच लिहिलं होतंस, 'अण्णा ही ओळ विसरतात, चला, त्यांना आठवण करून देऊ.'

अरे गाढवा, अण्णा ती ओळ विसरलेले नाहीत. ती ओळ आपल्याकडे कधी नव्हतीच!

तू ढब्बू नाण्यासारखा गोल होतास आणि अण्णांच्या सलूनमधल्या बाकाखाली बसून ब्रशाचा फेस खायचास, तेव्हापासून त्या गाण्याची आपली रेकॉर्ड तशी आहे. कुणा गिऱ्हाइकाचं कोपर लागलं, चरा पडला आणि तिथं आली की पिन उडायची, एक ओळ सोडून पुढच्या ओळीवर जाऊन बसायची. आई म्हणाली, नवी आणा. अण्णा म्हणाले, "कशाला? पिन उडते, पण गाणं पोचतं ना घरी?" त्यांचा हिशेब सरळ होता, एका दाढीला एक गाणं. उडी आली की वस्तरा गालावरून उचलायचे, कारण तिथं सगळं दुकान हसायचं. मग सगळे तसंच गायला लागले, उडी मारून. पोस्टमन, शिंपी, शाळेचे मास्तर, सगळे. कुणी ती गाळलेली ओळ म्हटली की अण्णा आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "नवीन दिसता!"

आणि तू, त्याच दुकानातला पोरगा, शिकून-सवरून शेवटी नवीन गिऱ्हाईक झालास.

लोकांना वाटतं, ही गाणी आपोआप टिकली. चूल काय आपोआप पेटती राहते? कुणीतरी रोज दाढ्या करताना, कपडे शिवताना, पोरं झोपवताना ती वापरली. सोपी चाल, तीन मिनिटं, गळा कसाही असला तरी चालतो. वापरून वापरून ती ज्याच्या त्याच्या घरची झाली. आपल्या घरात एक होतं, चरा पडलेलं. तू ते लाख लोकांसमोर नेऊन चुकीचं ठरवलंस.

तेवढ्यावर थांबला असतास तरी गिळलं असतं मी. पण त्यानंतर रोज संध्याकाळी तुझा फोन. तुझा चेहरा त्या एवढ्याशा काचेत, आणि "अण्णा, चुकलं. परत. मी म्हणतो तसं म्हणा." मागे ते धुऊनपुसून लख्ख केलेलं गाणं लावायचास. ती ओळ आली की अण्णा दचकायचे. अनोळखी माणूस घरात शिरल्यासारखे दाराकडे बघायचे. मग परत तुझं "चुकलं". मला वाटलं, लेक बापाशी बोलतोय, आपण कशाला नाक खुपसा? मी आत जाऊन कणीक मळत बसले.

आता ते गात नाहीत.

वर लिहिलं ना, दाढी वाढली आहे म्हणून, त्याचा अर्थ हा. त्यांची दाढी मीच करायची. ते गायचे, मी वस्तरा चालवायची, उडी आली की ते स्वतःच हनुवटी वर करायचे. आता फेस लावला की तोंड मिटून भिंतीकडे वळतात. गावभरच्या दाढ्या केलेला माणूस जंगल वाढवून बसलाय. मीच गाऊन बघितलं. तुला माझा गळा माहीत आहे. त्यांनी कानावर हात ठेवले.

आणखी एक आहे. ते लिहू नये असं ठरवून बसले होते, पण लिहिते.

अण्णा मला ओळखत नाहीत. वर्ष होऊन गेलं. तुला काचेत बघूनसुद्धा नावाने हाक मारतात; मला 'बाई' म्हणतात, 'अहो' म्हणतात, एकदा विचारलं, "तुम्हाला घरी कुणी नाही का?" तुला सांगितलं नाही, कारण तू रडला असतास आणि मला तुझी समजूत काढावी लागली असती. पण रोज दाढी करताना ती जागा आली की मी त्यांच्याबरोबर उडी मारायची. ते आरशातून माझ्याकडे बघायचे, डोळा मिचकावायचे आणि म्हणायचे, "आपल्याच दुकानातली दिसते!"

दिवसातून एकदा माझा बाप मला ओळखायचा, ढब्बू. तू ते दुरुस्त केलंस.

दुकान बंद केलं तेव्हा वाटणी झाली. मला अण्णा आणि रेकॉर्ड प्लेयर, तुला रेकॉर्डी. नेमकी ती एक तू काचेत बसवून दिवाणखान्यात टांगलीस, वर दिवाही लावलास. पाहुण्यांना दाखवतोस. मला त्याचा राग येतो, हेवाही वाटतो, दोन्ही लिहून टाकते.

ती काढ. काच फोडावी लागली तर फोड. पार्सलने पाठवू नकोस, तुटेल. स्वतः घेऊन ये, मांडीवर धरून. प्लेयर मी पुसून, नवी पिन घालून ठेवला आहे. अण्णांना खुर्चीत बसवू, मी फेस लावीन, तू बाजूला उभं राहून गा. गळा तुला आहे, मला नाही. आणि ती जागा आली की तुला येणारी ती बरोबर ओळ गिळून टाक आणि आमच्याबरोबर उडी मार. फोन बाहेर चपलांपाशी ठेवून ये.

ते पुन्हा गातील की नाही, मला माहीत नाही. नाही गायले तर तुला माफ करायला मला वेळ लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

ज्याला बाप अजून नावाने ओळखतो अशा तुला,
या घरातल्या बाईचा आशीर्वाद.