बाबांची गाडी चढ चढत नाही

३ मार्च, सोमवार

इंजिन जेवणाच्या टेबलावर आलं. गॅरेजमध्ये उजेड नाही, माझ्यानं जमिनीवर वाकून होत नाही, आणि टेबल तसंही दिवसभर रिकामंच असतं — असं नवऱ्याला सांगितलं. "मग जेवायचं कुठं?" उभ्यानं जेव!

मला हौस नाही. आत्या डोंगरावरच्या घरात अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, महिना काढेल, फार तर दीड. तिला भावाला बघायचंय. आणि बाबांचं एकच पालुपद: "जाईन तर माझ्या गाडीनं. आणि गाडी तो चढ चढत नाही." नऊ वर्षं हेच! टॅक्सी नको, बस नको. लहानपणी दर सुट्टीत याच गाडीनं वर जायचो. तेव्हा बरी चढायची! "म्हातारी झाली आता," म्हणतात.

तर म्हातारीच्या अंगात ताकद आणायची. नवं इंजिन परवडणारं नाही, म्हणजे आहे त्यालाच घासूनपुसून.

५ मार्च

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, लेथवाल्याकडे नेलं. ते खालून जरा तासलं की आतला दाब वाढतो आणि गाडीला जोर येतो. एवढं वाचून गेले होते. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "साहेबांना पाठवा ना, त्यांना नीट सांगतो." साहेबांना स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा तेही ठाऊक नाही! "साहेब मीच," म्हटलं. मग मुकाट्यानं घेतलं.

९ मार्च, रविवार

स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारही पिस्टन तोलले. सारख्या वजनाचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं. एक तीन ग्रॅमनं जड! कानस घेऊन आतून घासत बसले. बाबा खुर्ची ओढून शेजारी. "असं नाही, असं." "हात हलका ठेव." "जास्त गेलं बघ." जन्मात कधी पिस्टनला हात लावला नाही, पण तोंडाला खळ नाही. जास्त गेलं होतं, हे मात्र खरं निघालं. मग उरलेले तीन घासले. दुपार गेली, दोन नखं गेली.

१० मार्च

आत्याचा फोन. आवाज पार खोल गेलाय. "पोरी, त्याला म्हणावं, गाडी मरू दे, तू ये." फोन बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी पेपरचं पान उलटलं. अस्सा राग आला!

१४ मार्च

हेड आलं. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो का ते बघायला पिस्टनवर कणकेचा गोळा थापला, हेड बसवलं, इंजिन हातानं फिरवलं, परत उघडलं. कणिक कागदाएवढी पातळ! लेथवाल्यानं नको तेवढं तासलंय. फोन केला तर म्हणतो, "जोर पाहिजे म्हणालात ना ताई?" डोकं धरून बसले. शेवटी जुन्या बाजारात हिंडून जाड गॅस्केट आणलं, म्हणजे मध्ये जागा राहील. तिथंच एक मोठा कार्ब्युरेटर मिळाला, इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारा, कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या गाडीचा.

नवरा एवढंच म्हणाला, "तो गोळा परत पिठात टाकू नकोस."

१९ मार्च

इंजिन गाडीत. सुरू झालं!! बॉनेट उघडं ठेवून कार्ब्युरेटरचा खटका हातानं ओढला तर असं गरजलं, की शेजारीण बाल्कनीत आली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. टेबल परत मिळालं म्हणून असेल, पण वाजवल्या. बाबा उठून आत गेले.

२२ मार्च, शनिवार

बाहेरच्या रस्त्यावरच्या चढावर नेली. दुसऱ्या गिअरला धापा, पहिल्याला रांगणं, आणि अर्ध्यात ठप्प. होती तश्शीच! मागे ट्रक हॉर्न बडवतोय आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडतेय. सगळी मेहनत पाण्यात. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "मी म्हटलंच होतं." मी खोलीतून निघून गेले, नाहीतर हातातला पाना फेकून मारला असता.

आत्याच्या शेजारणीचा निरोप आहे — आता फार दिवस नाहीत.

२३ मार्च

ठरवलं, बाबांना टॅक्सीत कोंबून न्यायचं आणि ही गाडी विकून टाकायची. विकायची म्हणून आतून साफ करायला घेतली. ड्रायव्हरच्या पायाखालची जाड मॅट उचकटली. ॲक्सिलरेटरच्या मागे लाकडी ठोकळा, दोन स्क्रूंनी आवळलेला. पेडल निम्मंसुद्धा दाबलं जात नव्हतं!

काढला आणि बाबांच्या हातात दिला.

"मीच बसवला," म्हणाले. "आमची आई गेली तेव्हा तुझ्या आत्यानं मला दुसऱ्या दिवशी कळवलं. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. गाडीच चढत नाही म्हटलं, की कुणी पुढं काही विचारत नाही."

तीन आठवडे! मी तोंड उघडलं होतं ओरडायला.

"आता चढेल?" बाबांनी विचारलं.

"चढेल."

"मग तिच्याशी काय बोलू, ते सांग."

मी चावी घेतली आणि त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.