पाचवं नाव

फिलाडेल्फिया, ८ जानेवारी १९८३

प्रिय डोलोरेसताई,
सा. न. वि. वि.

डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या मुलाखती संपल्या एकदाच्या! पाच इस्पितळं फिरले, एकाच निळ्या सूटवर. आता पाचांची पसंतीक्रमाने यादी पाठवायची. इस्पितळंही आमची यादी करतात आणि यंत्र जोड्या लावतं. वरच्यांनी नको म्हटलं तरच खालचं मिळतं. मिळेल तिथे तीन वर्षं जायचंच, सही आधीच घेतात. आमचे सर बजावतात, जिथे राहायचं नाही ते नाव शेवटीसुद्धा लिहू नका.

मला बॉस्टन हवंय गं. आपल्या गावच्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी मुलाखतीत औषधांचं काही विचारलंच नाही, आईची तब्येत विचारली. तेव्हापासून यादी लिहितेय आणि खोडतेय. काय करू, सांग ना.

तुझी पॉलीन

घर, १५ जानेवारी

प्रिय पॉलीन,
अ. उ. आ.

यंत्राला माझा नमस्कार सांग. निदान कुणीतरी निर्णय घेतंय! आई बरी आहे. उजवा हात उचलत नाही, जीभ मात्र ठणठणीत. तू इकडेच येणार, असं तिने चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या लाटणाऱ्या सगळ्या बायकांना सांगून टाकलंय. फादरनी तर माझं अभिनंदन केलं. कप्पाळ माझं!

स्टॅनचं पत्र आलंय. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून तो टेक्ससमध्ये आहे, आता दोघांपुरतं घर बघितलंय म्हणतो. ईस्टरपर्यंत वाट बघणार आहे. सहा वर्षं झाली मला आईपाशी. तिला एकटीला टाकून जाववत नाही, आणि राहिले तर मी संपले. ये, असं मी म्हणणार नाही. म्हटल्यासारखं वाटलं तर हे पत्र फाडून टाक.

तुझीच डोलोरेस

फिलाडेल्फिया, २२ जानेवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

यादी आज पोस्टात टाकली. आपल्या गावचं नाव घातलंय, आईला सांग. बाकी थंडी फार आहे. घाईत आहे.

पॉलीन

घर, १७ मार्च

प्रिय पॉलीन,
अ. उ. आ.

काल फोनवर आई कानाशी बसली होती, म्हणून बोलले नाही. निकालाच्या लिफाफ्यात आपलंच गाव निघालं म्हणालीस, मनासारखं झालं म्हणालीस. लहानपणी कोबीचं सूप गिळून छान आहे म्हणायचीस ना, अगदी तोच आवाज.

मी रडले, आनंदाने. लपवत नाही. मग तुझं जानेवारीचं पत्र काढलं. नाव घातलंय एवढंच लिहिलंस, कितवं ते नाही. आमचं मन राखायला तळाशी लिहून टाकलंस ना, वेडे? वरची चारही इस्पितळं नको म्हणतील, असं तुला वाटलंच नसेल.

कितवं होतं ते मला कधीही सांगू नकोस. भांडणात नाही, मी मरायला टेकले तरी नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर मला राहावं लागेल, आणि मला राहायचं नाही गं.

स्टॅनला थांब म्हणून तार केलीय. एकोणतीस जूनच्या बसचं तिकीट काढलंय. तू अठ्ठावीसला ये, एक दिवस दोघी असू. आईला खाटेवरून उचलायचं कसं, ते दाखवते. कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे.

लोभ आहे तेवढा ठेव. वाढला नाही तरी मी समजून घेईन.

तुझी डोलोरेस