दार बाहेरून

२३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोन आत्ताच ठेवला. वायुभारमापकाचं झाकण समोर उघडं आहे. चिमट्यात धरलेली काचेची नळी कापसावर ठेवली आणि त्याच टेबलावर हे लिहायला घेतलं.

फोन बेटावरच्या वेधशाळेच्या कचेरीतून होता. किनाऱ्यावर त्यांची कचेरी आहे, तिथल्या कारकुनाने विचारलं की निवडीच्या पत्राला मी उत्तर का दिलं नाही. मी विचारलं, कोणत्या पत्राला. तो म्हणाला, अठ्ठावीस जानेवारीला रजिस्टरने पाठवलं, कायमच्या पत्त्यावर. म्हणजे तुझ्याकडे. उत्तराची मुदत पंधरा फेब्रुवारी होती. उत्तर नाही म्हणून त्यांनी यादीतल्या दुसऱ्या माणसाला विचारलं आहे. त्याला बारा मार्चपर्यंत वेळ आहे.

मी म्हटलं, पत्र मिळालंच नाही. माणूस सबुरीचा होता. त्याने पोच काढली आणि सांगितलं की एकतीस जानेवारीला सही करून घेतलं आहे, सहीचं शेवटचं अक्षर अग्निबाणासारखं वर गेलं आहे. मामा, अशी सही मी आयुष्यात एकाच माणसाची पाहिली आहे.

सहा वर्षं मी त्या बेटावर जाणारी यंत्रं दुरुस्त करते आहे. दर वर्षी पेट्या परत येतात, बिजागऱ्यांवर मीठ साचलेलं असतं. काटा जिथे खरोखर हलतो तिथे एकदा उभं राहायचं होतं. तुला हे माहीत आहे. अर्ज भरताना तू शेजारी बसला होतास, अनुभवाचा रकाना तू दोनदा खोडायला लावलास.

पत्र कुठे आहे, एवढंच विचारते. वाचताना वाजतो म्हणून तू फोन काढून टाकलास, तेव्हा उलट टपाली लिही. यानांचं आणि ताऱ्यांचं काही लिहू नकोस.

लोभ किती ठेवायचा ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी,
चिमटा


२६ फेब्रुवारी

चि. चिमटा हिस,
अ. उ. आ.

इतक्या तिखट पत्राला आशीर्वाद लिहिताना पेन अडलं, पण लिहिले आहेत. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला असा जाब विचारतात का, हे तुझ्या फोरमनला विचार.

सही माझी असेल. दिवसातून चार सह्या करतो. दुकानात चष्म्याच्या काचा येतात, फ्रेमा येतात, दांड्या येतात. टपालवाला जिन्यात धापा टाकत उभा असतो आणि माझ्या एका डोळ्याला भिंग लावलेलं असतं. कशावर सही केली ते मी बघत नाही. आणि माझी खोड तुला नवी नाही. हातात असेल तो कागद खूण म्हणून पुस्तकात जातो. विजेचं बिल गेलं आहे, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी गेली आहे. तुझी सातवीची गुणपत्रिका दोन वर्षांनी मंगळावरच्या एका कादंबरीत सापडली होती. तेव्हा तू हसली होतीस.

तुझं पत्र वाचून सगळी पुस्तकं झटकली. सध्या वाचतो आहे त्या यानाच्या जाडजूड कादंबरीत सापडलं, पान दोनशे बारा. पाकीट होतं तसं बंद आहे, सोबत पाठवतो. चूक झाली. विषय संपला.

ताऱ्यांना बंदी आहे, म्हणून पुस्तकाबद्दलच लिहितो. अकरा माणसं चाळीस वर्षं एका यानात राहतात आणि भांडी कोणी घासायची यावरून एकदाही वाजत नाही. कोणाची नखं वाढत नाहीत, कोणाचा मोजा हरवत नाही. लेखक माझ्यासारखाच कुठे गेलेला नाही. फरक एवढाच की त्याने ते छापून दाखवलं. अशा पुस्तकात दोनशे बाराव्या पानावर अडकलो म्हणून खुणेकडे लक्ष गेलं नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, बेट म्हणजे काय ते तुला कळतं का? बोट वर्षातून दोनदा. अठरा महिने तीच सात तोंडं. तिकडे तुझा कारखाना तुला कायम करायला तयार आहे. दुसरा माणूस उत्सुक असेल तर जाऊ दे त्याला.

तुझ्या खोलीच्या खिडकीला तेल दिलं, आता करकरत नाही. राग निवला की चार ओळी टाक. माया आटू देऊ नकोस.

मामा


२ मार्च

ती. मामास,
सा. न. हा नमस्कार सवयीने झाला आहे.

पाकीट मिळालं. माझ्या आधी कोणी उघडून परत बसवलेली वस्तू ओळखणं हा माझा धंदा आहे. पाकिटाची कड दोनदा चिकटवली आहे. खालचा डिंक कचेरीचा. वरचा तुझ्या दुकानातला, चष्म्याच्या डबीत मखमल चिकटवायचा, सुकला की काळपट पडतो तो.

आत तुझा अंगठा आहे. भिंगं घासायची ती लाल पूड साबणाने जात नाही. माझ्या फ्रॉकांवर होती, दुधाच्या पेल्यावर होती, घरातल्या प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्यावर आहे. आता ती माझ्या निवडीच्या पत्रावर आहे, अठरा महिने या शब्दांच्या बरोबर खाली. आणि मामा, जाहिरातीत एक वर्ष म्हटलं होतं. अठरा महिने फक्त या पत्रात आहेत. बंद पाकिटातलं वाचून तू मलाच लिहिलंस.

खोटं बोलण्यात तू इतका कच्चा आहेस की आधी मला लाज वाटली. राग नंतर आला, तो अजून आहे.

कक्षा म्हणजे काय हे समजावताना पाण्याची बादली जिन्यात गरगर फिरवून खालच्या शिंप्याला भिजवणारा माणूस तू. बाकीच्या मुलींचे मामा त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जाऊ देत नव्हते. तू मला शनीवर पाठवत होतास. मला वाटायचं, माझं नशीब थोर. शनीवर पाठवायला तुला काही लागत नव्हतं, हे आज कळलं. बेट किनाऱ्यापासून बोटीने चार तासांवर आहे, तिथे तुझा हात आखडला.

मी सहा वर्षांची असताना विचारलं होतं की यान सुटतं तेव्हा सगळे आत असतात, मग दार बाहेरून कोण लावतं. तू म्हणालास, कोणीतरी तंत्रज्ञ असतो, त्याचं गोष्टीत काम नसतं. आणि पान उलटलंस. तो माणूस तू आहेस. फक्त मी आत बसायच्या आधीच तू दार लावलंस.

दहा तारखेला फोरमनला हो सांगणार आहे. कायमची नोकरी, कायमचं टेबल. तुझ्या मनासारखं झालं.

लोभाचा प्रश्न आता उरत नाही.

भाची


६ मार्च

चि. चिमटा हिस,
आशीर्वाद न विचारता पाठवतो आहे.

हो, वाचलं. एकतीस जानेवारीला, टपालवाला जिना उतरायच्या आत. फ्रेमच्या स्क्रूड्रायव्हरने पाकीट उघडलं, तीनदा वाचलं, चिकटवलं आणि पुस्तकात ठेवलं. रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचो, पाकीट बाहेर काढायचो, तेच पान वाचायचो, पाकीट परत आत. उद्या टपालात टाकू असं रोज म्हणायचो. पंधरा तारीख उलटली तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहिताना मान खाली आहे, पण तुला खरं हवं होतं.

आता माझा राग ऐक. माझा राग त्या प्रश्नावर आहे. तू तो विचारलास तेव्हा तुझी आई जाऊन पाच महिने झाले होते. एका वर्षाची परिचारिकेची नोकरी म्हणून गेली होती. वर्षाची दोन झाली, पत्रांची कार्डं झाली, मग कार्डंही थांबली. हे तुला माहीत आहे. टॅक्सीचं दार तुला माहीत नाही. ते नीट लागत नव्हतं. तुझ्या आईने आतून ओढलं, लागलं नाही. मी बाहेरून ढकललं, तरी लागलं नाही. मग मागे सरून जोर लावून दुसऱ्यांदा ढकललं. तेव्हा लागलं. आणि तू दुधाच्या मिशीने मला विचारत होतीस की दार कोण लावतं. काय सांगणार होतो?

गोष्टींत जाणारा माणूस शेवटच्या पानापर्यंत आपल्यासमोर असतो. म्हणून मी त्या वाचतो. शास्त्राबिस्त्राचं मला फार प्रेम आहे असं लोकांना वाटतं, वाटू दे. आपल्या घरात जाणारा माणूस मधल्याच पानातून निघून जातो.

तुला जायचं आहे याचा राग येतो. तुला तसं मीच केलं याचा जास्त येतो. माझ्यावरचा राग वेगळा, तो मी बघून घेईन, त्यात तू पडू नकोस.

दहा तारखेला हो म्हणू नकोस. उद्या सहाच्या बसने किनाऱ्यावरच्या कचेरीत जातो आहे. अकरा तासांचा रस्ता आहे. किल्ली खालच्या शिंप्याकडे दिली. तो म्हणाला, बादली घेऊन जाणार का.

चार दिवस रागावर तरी कायम राहा. एवढंच मागणं.

मामा


८ मार्च

चि. चिमटा हिस,
अ. उ. आ.

कचेरीसमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. नऊ वर्षांनी बसमध्ये बसलो. मी वाचलेल्या कुठल्याही प्रवासात कोणाला उलटी झाली नव्हती. मला दोनदा झाली. शेजारच्या बाईंनी न बोलता संत्र्याची साल माझ्या हातात दिली आणि हुंगायला सांगितलं. माणसं तारे ओलांडतात आणि साल द्यायला कोणी नसतं, तेव्हा ती पुस्तकं खोटी आहेत असं समज.

इथल्या अधीक्षक एक बाई आहेत. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आवाज तुझ्यासारखा. मी उभ्यानेच सांगितलं की पत्र मी दाबून ठेवलं, मुलीचा दोष नाही, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. मग पाच मिनिटं मला जे सुनावलं ते तुझ्या पत्रात होतं तेच, शुद्ध भाषेत. त्या म्हणाल्या की नोकरीला बावीस वर्षं झाली, या काळात अशी तीन पत्रं गेली. एक जळलं, एक धुण्यात गेलं, एक बकरीने खाल्लं असं घरच्यांनी कळवलं. स्वतः येऊन सांगणारा मी पहिला. हे कौतुक नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं.

नियम मोडणार नाहीत. दुसऱ्या माणसाचा होकार बारा तारखेपर्यंत आला तर जागा त्याची. नकार आला किंवा काहीच आलं नाही तर तुझी, आणि तसं थेट तुझ्या कारखान्यात फोन करून कळवतील. माझ्या पत्त्यावर काहीही पाठवणार नाहीत. ते रजिस्टरात लाल शाईने लिहिलं.

त्यांच्या चष्म्याची दांडी लटकत होती. स्क्रू घट्ट करून दिला. आभार मानले नाहीत.

मी विनवण्या केल्या नाहीत. करायला हव्या होत्या का, ते कळव. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तरी पत्र फाडू नकोस.

मामा


१५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोरमनला हो म्हटलं नव्हतं. तेरा तारखेला फोन आला. दुसऱ्या माणसाने कळवलं की अठरा महिने त्याला जमणार नाहीत. एक वर्ष असतं तर गेला असता.

बोट दोन एप्रिलला, सकाळी सात चाळीसला. सामान वीस किलो. पुस्तकं दोनच नेता येतील. अकरा माणसांची ती कादंबरी पाठव. तिथे भांड्यांवरून काय वाजतं ते समासात लिहून आणीन.

तुला माफ केलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तू ओळींमधून काढशील. आईच्या टॅक्सीचं तू मला एकवीस वर्षं सांगितलं नाहीस, त्याचा राग वेगळा आहे. दोन्ही राग घेऊन जाते आहे, त्यांना वजन लागत नाही. पुढची टपालाची बोट ऑक्टोबरात. तोपर्यंत उत्तराची वाट पाहण्याची तुझी पाळी.

विनवण्या केल्या नाहीस ते बरं केलंस.

निरोपाला यायचं तर ये. बोलू नकोस. संत्री आण.

लोभ आहे तेवढा आहे.

चिमटा


१ एप्रिल

चि. चिमटा हिस,
अ. उ. आ. हे ऑक्टोबरच्या बोटीसाठी.

धक्क्याजवळच्या या धर्मशाळेत तू पलीकडच्या खोलीत पेटी बांधते आहेस, तिसऱ्यांदा. ठरल्याप्रमाणे मी बोललो नाही. जेवताना मीठ हवं होतं, तेही मागितलं नाही. तू बघितलंस आणि सरकवलंस. पुस्तक तू वजन करून पेटीत टाकलंस. दोनशे बाराव्या पानावर खूण म्हणून बसचं तिकीट ठेवलं आहे. त्यावर अंगठा आहे, या वेळी मुद्दाम.

माझा राग गेला असं नाही. तो आता दुकानात बसेल.

आठवण ठेव. जमेल तेव्हा, बोटीने.

मामा

२ एप्रिल. सात चाळीसची बोट सात बावन्नला सुटली. खलाशी दोर सोडत होता, त्याने धक्क्यावरच्या फाटकाकडे बोट दाखवून मला ते लावून घ्यायला सांगितलं. कडी गंजलेली होती. दुसऱ्यांदा ढकलल्यावर लागली. साडेनऊची बस मिळाली.