दुर्बीण गच्चीवर नेली आहे

अहो,

उठल्यावर दुर्बीण जागेवर दिसली नाही तर घाबरू नका. मी आणि तुमच्या आकाशमंडळातले शिंपी भाऊजी, दोघांनी मिळून ती गच्चीवर नेलीय, काळ्या काचेसकट. सव्वातीनला सूर्यग्रहण लागतंय. आत्ता आभाळ गच्च भरलंय, म्हणजे मंडळाची परंपरा अबाधित आहे! भाऊजी म्हणाले, "वहिनी, लोक आभाळ फाटलं म्हणून रडतात. आम्ही नऊ वर्षं ते फाटावं म्हणून वाट बघतोय."

चहा थर्मासमध्ये आहे. आधी गोळी घ्या.

आणि एक. काल तुमची फाइल वाचली. जिने चढायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वीच लिहिलंय. मला मात्र तुम्ही "अजून नको म्हणतात" एवढंच सांगत आलात. रागावले नाहीये. ऑपरेशनच्या दिवशी मीही तुमच्याइतकीच घाबरले होते. पण आता पुरे झालं.

ढग हटोत न हटोत, पाच वाजेपर्यंत मी वरून हलणार नाही. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवलीय. दम लागला तर खुशाल बसा. खाली मात्र उतरायचं नाही.

— मी