नागपूरचं पाणी किती अंशांवर उकळतं

लकडगंज, नागपूर
१० मार्च १९७४

तीर्थस्वरूप चंपतमामांच्या चरणी भाचा चंद्रभानचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा दमा, दोघेही चिखलदऱ्याच्या थंडीतून सुखरूप बाहेर आले असतील. रेस्ट हाऊसवर पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली की तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळत नाही, म्हणून आधीच लिहितो. इकडे आम्ही मजेत आहोत (हे देवकीला मान्य नाही, ती शेजारी गहू निवडत बसली आहे आणि मधूनमधून वाकून वाचते).

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं शिकवतो ते सांगायचं राहिलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की मास्तराने उत्तर सांगू नये. सांगितलेलं उत्तर पोरी परीक्षेत परत करतात आणि मोकळ्या होतात. स्वतः पाहिलेलं मात्र सोडत नाहीत, त्यावरून मास्तराशीसुद्धा भांडतात, आणि त्या भांडणात मलाच काहीतरी नवं कळतं. म्हणून पाणी किती अंशांवर उकळतं हा धडा आला तेव्हा मी पुस्तकं मिटायला लावली आणि घरचा स्टोव्ह वर्गात नेला (त्या दिवशी घरी चहा झाला नाही, तो विषय अजून मिटलेला नाही). पाणी खळखळा उकळलं, पण पारा नव्व्याण्णवावर जो बसला तो हलेना. पुस्तकात तर शंभर. नागपूर समुद्रापासून उंच, हवेचा दाब कमी, म्हणून असं होत असावं असा माझा अंदाज. पण थर्मामीटरच खोटा नसेल कशावरून, असं सत्यवती नावाच्या मुलीने विचारलं. खरं सांगतो मामा, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता (हे देवकीने वाचलं आहे).

पुढच्याच आठवड्यात पुण्याहून आलेले तपासनीस वर्गात शिरले. त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, तोही सत्यवतीलाच. ती म्हणाली, “पुस्तकातलं पाणी शंभरले उकळते जी, पण आमच्या नागपूरचं नव्व्याण्णवलेच उकळून राहिलं.” ‘आमच्या नागपूरचं’ हे शब्द साहेबांना थेट वेगळ्या विदर्भाच्या सभेतले वाटले. हे कोणी शिकवलं, असं त्यांनी दरडावून विचारलं. मुली माझ्या बाजूने एकसुरात म्हणाल्या, सरांनी आम्हाला काहीच शिकवलं नाही. साहेबांनी शेरा मारला: या वर्गात विज्ञान शिकवले जात नाही, प्रादेशिक भावना शिकवली जाते.

मला नोकरीत कायम करायचा कागद या शेऱ्यापाशी अडला आहे. महाराष्ट्रात पाणी सर्वत्र शंभर अंशांवरच उकळते असं मी लिहून दिलं, तर शेरा मागे घेतील म्हणे. आमचे हेडमास्तर बाबाराव भला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, “चंद्रभानजी, लिहून द्या ना शंभर. एका अंशासाठी काहून नोकरी घालवून राहिले?” मी महिन्याची मुदत मागितली आहे. नोकरीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, खरं काय आहे ते पाहायची ओढ लागली आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
चंद्रभान

ता. क. तिकडेच निघालेल्या रुपरावांबरोबर तोच थर्मामीटर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाठवतो आहे. चिखलदरा आमच्याहून कितीतरी उंच. तिथे उकळत्या पाण्यात पारा आणखी खाली थांबला तर उंचीचं खरं. तिथेही नव्व्याण्णवच दाखवले तर थर्मामीटर खोटा, आणि मीही.

आणखी एक. ज्यांनी माझ्या कागदावर सही करायची ते शिक्षणाधिकारी महिनाअखेर तुमच्याच रेस्ट हाऊसवर उतरणार आहेत. देवकी म्हणते, मामांना शब्द टाकायला सांगा. टाकू नका. फक्त चहाचं पाणी ठेवाल तेव्हा थर्मामीटर त्यांच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. जो आकडा ते वाचतील तो मी फळ्यावर लिहीन, असं मुलींना कबूल केलं आहे.

(मामाजी, हे पाकीट चिकटवायले मले देऊन गेले म्हणून लिहून राहिली. सायबाच्या हाती देण्याआधी एकडाव एकटेच पाणी उकळून पाहा. नव्व्याण्णवच आलं, तर तो थर्मामीटर तुमच्या हातून पडून जाऊ द्या. – देवकी)