उजव्या कानाबाबत

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांत कान धरत नाहीत, हे मी तपासून पाहिलं.) तुझा डावा गुडघा कसा आहे? चष्म्याचा नवा नंबर शिवताना मानवतो का? काकांना विचारलं असतं, पण गेले दोन महिने मी फोन केला की ते एकच वाक्य म्हणतात, "मावशी मशीनवर आहे." म्हणजे एव्हाना एखाद्या पलटणीचे कपडे शिवून झाले असतील.

तू का रागावलीस ते मला माहीत आहे. ताईच्या मुलीचे कान टोचायला तू सुई गॅसवर धरलीस आणि मी सगळ्यांसमोर त्या सुईचा बॅच नंबर विचारला. तू म्हणालीस, "बॅच नंबर? अगं, ह्या सुईने तुझ्या आईचे लग्नातले ब्लाऊज शिवलेत!" (माझ्या मते हा मुद्दा माझ्याच बाजूचा होता, पण मी तो तेव्हा मांडला नाही.) मग सुई डबीत घालून तू चहा न घेता निघून गेलीस. आता कान, नाक, भुवई, बेंबी, जिथे म्हणून माणसं टोचून घेतात त्या दुकानांची तपासणी हेच माझं काम. नियमावलीही माझ्याच हातची. ज्योतीवर सुईला काजळी धरते, जंतू मरतीलच असं नाही, आणि सुई एकदा वापरून टाकायची असते. यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त तो अकरा माणसांसमोर (दारातली दोन धरून) बोलायला नको होता. स्वयंपाकघर रिकामं होतं. निष्कर्ष बरोबर, पद्धत चुकली.

घरी आल्यावर तू दिलेल्या कानातल्यांची डबी उघडली. तिच्यात एकच आहे. त्याचा जोडीदार माझ्या डाव्या कानात. मी नऊ वर्षांची असताना तू डावा कान टोचलास, मी चक्कर येऊन चिंध्यांच्या ढिगावर पडले, आणि शुद्धीवर आल्यावर जी कापड कापायच्या टेबलाखाली शिरले ती जेवायलाच बाहेर आले. उजवा राहिला तो राहिलाच. (ऑफिसात याला फॅशन समजतात. मी खुलासा केलेला नाही.) म्हणून गेल्या शनिवारी उजवा टोचून घ्यायला गेले, माझ्या तपासणीतल्या नव्हे, दुसऱ्या भागातल्या दुकानात. हातमोजे नवे, सुईचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडणार, सगळं चोख. टोचणाऱ्या बाईने मापासाठी डाव्या कानाला कॅलिपर लावला आणि थांबली. "हे कुणी केलंय?" मी म्हटलं, परवाना नसलेल्या व्यक्तीने. तिने पुन्हा मोजलं. "परवाना नसेल, पण हात आहे. अगदी मधोमध आणि सरळ. नुसत्या नजरेने?" हे मी पदरचं काही न घालता कळवते आहे.

मग फॉर्म. प्रश्न सहावा: पूर्वी टोचताना चक्कर आली होती का? (प्रश्न माझाच.) खोटं लिहिणं शक्य होतं, पण तो प्रश्न कशासाठी घातला ते मला ठाऊक होतं. "हो" लिहिलं. बाईने फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "मग नियम अकरा, मॅडम. सोबत घरचं मोठं माणूस हवं. त्याशिवाय मी पाकीट फोडत नाही." मी म्हटलं, मी सगळीकडे एकटीच जाते. "जात असाल. इथे नाही." मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि गेले तशीच परत आले.

काकांना नमस्कार. त्यांना सांग, वाक्य बदललं तरी चालेल.

तुझी,
एका कानाची भाची

ता. क. येत्या शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. सोबतच्या माणसाच्या रकान्यात पेनाने "मावशी" लिहून ठेवलंय. खाडाखोड चालत नाही. नियमात फक्त "शेजारी बसणे" आहे. हात धरायला मनाई नाही, ते मी पाहून घेतलं.

ता. क. २. टोचण्याआधी कानावर ठिपका काढतात. तो तू काढायला बाईची हरकत नाही. ताईही तुझ्यासाठी थांबली आहे: मुलीचे ठिपके तुझे, टोचणं बाईचं. (पेन निर्जंतुक, एकदाच वापरायचं. यावर वाद नको.)

ता. क. ३. सुईची डबी घरीच ठेव, असं लिहिणार होते. पण आण. माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण दोन महिन्यांपासून तुटलंय, आणि बटणांना माझा एकही नियम लागू नाही.