पितळी फ्लोट

आण्णा,

तुमच्या जुन्या पेट्रोल ट्रकच्या कार्बोरेटरमधला पोकळ पितळी फ्लोट नमुन्याला घेऊन मी सांगलीच्या भंगारबाजारात दुसरा शोधत होते. आत पेट्रोल खळखळतंय का ऐकायला दुकानदाराने तो कानाशी हलवला, मग भोक शोधायला गरम पाण्यात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही.

“आवं ताई, ह्यात पेट्रोल शिरलंय म्हनून गाडी कुनी उभी केली? ह्यो तर लय झ्याक हाय!”

तुम्हीच केली होती. तुमच्या कानाला हे कळलं नसेल? की तेव्हाच रस्ता दिसेनासा झाला होता? म्हणूनच हल्ली पेपरही उदयदादाकडून वाचून घेता?

हे पत्रही तोच वाचून दाखवेल, म्हणून पोस्टात टाकत नाही. रविवारी कोरेगावला येते. फ्लोट तुम्ही चाचपून बसवा, गाडी मी चालवते.

तुमची,
दीपमाला